शब्द एकटा पाठ करू नकोस, जोडीने कर

अगं,

तुझा मेसेज मिळाला आणि वहीचा फोटोपण बघितला. मेहनत दिसतेय, त्याबद्दल काही म्हणणंच नाही, पण घोळ त्या वहीतच आहे बघ. डावीकडे इंग्लिश शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि वर तू म्हणतेस की एवढे शब्द येतात तरी बोलायला गेलं की अडकायला होतं. होणारच ना, कुठला शब्द कोणाबरोबर जातो हे त्या वहीत कुठेच नाही.

आधी मराठीकडेच बघ जरा. आपण गप्पा मारतो, हाक मारतो, थापा मारतो, चक्कर मारतो, लेक्चरला दांडी मारतो आणि यात कुणालाच मार बसत नाही. झोप लागते पण स्वप्न पडतं, आता स्वप्न लागत का नाही असं कुणी विचारलं तर काय सांगशील? पडतं म्हणून पडतं. पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, मुसळधार वारा म्हणालीस तर लोक हसतील. हे तुला कुणी शिकवलं नाही, कानावर पडून पडून बसलंय. इंग्लिशमध्ये पण सेम, तिथे पाऊस हेवी आणि वारा स्ट्राँग. मिस्टेक मेक करायची पण क्राइम कमिट करायचा, होमवर्क मात्र डू. लॉजिक शोधत बसू नकोस, दर वेळी सापडत नाही.

आपण फसतो ते मराठी क्रियापद उचलून जसंच्या तसं तिकडे नेतो म्हणून. लक्ष देणे, म्हणून गिव्ह अटेंशन, पण नेहमीचा प्रयोग पे अटेंशन. माझीच गंमत सांगते. नोकरीला नवीन असताना बाहेरच्या देशातल्या एका क्लायंटला मेल टाकला की पुढच्या आठवड्यात आय ॲम गिव्हिंग ॲन एग्झाम, तर त्याने अभिनंदन करून विचारलं की तुम्ही शिकवतासुद्धा का! परीक्षा आपण ‘देतो’ पण त्यांच्याकडे विद्यार्थी ती टेक करतो, गिव्ह करणारा म्हणजे परीक्षा घेणारा. आपल्या इथल्या इंग्लिशमध्ये सर्रास चालतं ते, त्यामुळे तोपर्यंत मला कुणी टोकलंच नव्हतं. ‘आय हॅव अ डाउट’चं तेच, आपल्याला शंका विचारायची असते आणि समोरच्याला वाटतं हिचा विश्वास नाहीये, तिथे सरळ आय हॅव अ क्वेश्चन म्हणायचं.

या जोड्यांना कोलोकेशन म्हणतात. फर्थ नावाचे एक ब्रिटिश भाषातज्ज्ञ होते, त्यांनी 1957 मध्ये लिहिलं होतं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आपण माणसांबद्दल म्हणतो तेच की. आणि संगतीने शब्दाला रंग पण चढतो हां. ‘कॉज’चा अर्थ तुझ्या वहीत ‘कारण होणे’ असा आहे, बरोबरच आहे, पण हा शब्द बहुतेक वेळा वाईटाच्याच सोबत दिसतो, कॉज डॅमेज, कॉज डिले, कॉज ट्रबल. आपण ‘गुण उधळले’ म्हणतो ना, त्यात शब्द ‘गुण’ आहे पण कौतुक अजिबात नाही, तसंच काहीसं.

म्हणून नवीन वही कर. त्यात सुटा शब्द लिहायचाच नाही, जोडी लिहायची आणि खाली स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य. मग दोन दिवसांनी क्रियापदावर बोट ठेवून आठवून बघायचं. आठवड्याला दहा जोड्या पुरे, रोज पन्नास वगैरे डोक्यात आणू नकोस, टिकत नाही ते. आणि नवीन अवघड शब्दांच्या मागे लागण्यापेक्षा जे येतात त्यांचेच सोबती शोध, अटेंशन तुला पाचवीपासून माहितीये पण ड्रॉ अटेंशन टू कधी वापरलंस का? अडलं तर कोलोकेशनची वेगळी डिक्शनरी असते, ऑक्सफर्डची 2002 ला पहिल्यांदा आली, नाम काढलं की त्याच्याबरोबर चालणारी क्रियापदं विशेषणं सगळी समोर.

एक राहिलं. वहीच्या मागच्या पानांवर तू म्हणी लिहिल्यात, ती मांजरं-कुत्री पाऊस बनून पडणारी ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, म्हणजे मुसळधार पाऊस, ती पण आहे त्यात. खोड ती. रोजच्या बोलण्यात ती फारशी कुणी वापरत नाही. त्याऐवजी इट डिपेंड्स ऑन, ॲज फार ॲज आय नो, फॉर द टाइम बीइंग, सूनर ऑर लेटर, असले साधे तुकडे तोंडात बसव. क्रम पण बदलायचा नाही, आपण कसं इकडेतिकडे म्हणतो, तिकडेइकडे नाही, तसंच. लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू हे अख्खं एकदमच पाठ कर, तुझ्या मेलमध्ये हिअरिंगचं हिअर झालं होतं.

रविवारी पहिल्या दहा जोड्या पाठव, वाक्यांसकट. आणि वाक्यं नेटवरून उचललीस तर मला कळतं हां.

तुझी,
ताई