नर्सरीच्या वर्गासाठी घरातल्या वस्तूंपासून शैक्षणिक साधनं कशी बनवावीत?

प्रश्नकर्त्या ताईंनी लिहिलंय की तालुक्याच्या गावी नर्सरीच्या वर्गावर त्या नव्यानं रुजू झाल्या आहेत, वर्गात २८ मुलं आहेत आणि साहित्यासाठी पैसे जवळजवळ नाहीत. व्हिडिओ बघून केलेल्या वस्तू आठवड्यात फाटतात आणि मुलं दोन मिनिटांत त्या टाकून देतात. तर घरातल्या वस्तूंपासून नक्की काय बनवावं?

ताई, मी आधी बालवाडीत शिकवलं आणि नंतर अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात साधनं बनवायला शिकवली. तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे. तुमची मुलं वस्तू टाकून देतात याचं कारण बहुतेक वेळा असं असतं की ती वस्तू बघायला केलेली असते, हाताळायला नाही. ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या नावाखाली वर्गात बाटल्यांची फुलं येतात, सीडीचे मोर येतात, भिंत सजते आणि मुलाच्या हाताला काहीच काम मिळत नाही. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला ओतायचं असतं, उघडायचं असतं, रचायचं, जुळवायचं, पुन्हा मोडायचं असतं. साधन बनवायला बसण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: हे हातात घेतल्यावर मूल काय करणार? उत्तर क्रियापदात आलं नाही, तर ते बनवू नका.

आपल्याकडे ही वाट जुनी आहे. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंची साधनं लाकडी, काटेकोर मापाची आणि महाग. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि १९५७ मध्ये ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांवर ती महागडी साधनं नेणं शक्यच नव्हतं. त्यांनी शिंपले, बिया, पानं, काड्या, खडे घेतले आणि त्यांतून तेच काम साधलं. त्यांनी वस्तू बदलल्या, तत्त्व सोडलं नाही. तत्त्वं दोन, आणि मी ती आजही सोडत नाही. एक, एका साधनात एकच गोष्ट शिकायची. रंग जुळवायचे असतील तर तुकड्यांचा आकार आणि कापड सारखंच हवं, फक्त रंग वेगळा. दोन, चूक झाली तर ती मुलाला स्वतःला कळली पाहिजे, बाईंनी सांगावी लागता कामा नये. डब्याला चुकीचं झाकण बसतच नाही, तिथे कुणी ‘चुकलं’ म्हणायची गरज उरत नाही.

म्हणून सुरुवात डब्या-झाकणांपासूनच करा. काही बनवायचंही नाही. वेगवेगळ्या मापांचे सहा-सात डबे, त्यांची झाकणं वेगळी काढून एका ताटात. फिरकीचं, दाबायचं, कडीचं, असं प्रत्येक झाकण वेगळ्या तऱ्हेनं उघडणारं असेल तर उत्तम. एकात एक बसणाऱ्या वाट्या द्या. दोन पेल्यांत तांदूळ एकातून दुसऱ्यात ओतायला द्या. ते सांडेनासे झाले की चमच्यानं, आणि मग पाणी. सांडलेलं पुसायला छोटं फडकं त्याच ताटात ठेवायचं. पुसणं हाही त्याच कामाचा भाग आहे आणि मुलं तो मन लावून करतात. जुन्या शर्टाची बटणपट्टी दोन्ही बाजूंनी कापून जाड पुठ्ठ्यावर टाचा. बटणं मात्र मोठी हवीत, स्वेटरची किंवा कोटाची. पहिले काही आठवडे एवढं पुरे. बोटांत ताकद आणि नेम येण्याआधी पेन्सिल हातात देण्यात काही अर्थ नाही.

मळायलाही द्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी, रंगाला हळद किंवा बिटाचा रस. मिठामुळे गोळा टिकतो आणि खारट लागल्यानं मूल सहसा दुसऱ्यांदा तोंडात घालत नाही.

आता एक साधन तपशिलात सांगते, म्हणजे टिकाऊ करणं म्हणजे काय ते कळेल. आवाजाच्या डब्या. सहा सारख्या काडेपेट्या घ्या. घासायच्या काळ्या पट्ट्या कापून टाका किंवा त्यांवर कागद चिकटवा. आतल्या खणाच्या चारही कोपऱ्यांना आतून चिकटपट्टी लावा. हे टाळलंत तर रवा कोपऱ्यातून गळतो आणि आठवड्याभरात पेटी मुकी होते. दोन पेट्यांत रवा, दोनांत तांदूळ, दोनांत राजमा. पेटी तिसरा हिस्साच भरायची, काठोकाठ भरलेली पेटी वाजत नाही. जोडीतल्या दोन्हींत माप तंतोतंत सारखं घ्या, चमच्यानं मोजून. मग खण बंद करून फटी चिकटवून टाका. प्रत्येक जोडीतल्या एका पेटीला लाल कागद, दुसरीला निळा, दोन्ही साधे, चित्र नको. तळाला जोडीप्रमाणे खूण करा: रव्याच्या दोघींना एक ठिपका, तांदळाच्या दोघींना दोन, राजम्याच्या दोघींना तीन. वरून पुस्तकांना घालायचं पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळा.

मूल लाल पेटी कानाशी हलवतं, मग निळ्यांतली तिची जोडीदार शोधतं. शेवटी दोन्ही उलट्या करून ठिपके बघतं. एरवी एका जागी न बसणारा मुलगा इथे डोळे मिटून पेटी कानाला लावून बसतो. बाजूच्या मुलाला गप्प बसायलाही तोच सांगतो, कारण गोंगाटात रवा ऐकूच येत नाही. मुलं रमली की त्याच पद्धतीनं वासाच्या डब्या करा: लवंग, वेलदोडा, कॉफी, ओवा. भोकं पाडलेल्या झाकणाखाली पातळ कापड लावायचं.

जाड पुठ्ठ्यासाठी लग्नपत्रिकांइतकं चांगलं काही नाही. लग्नसराई संपली की पालकांना सांगा, पिशव्या भरून येतील. गणपतीचं चित्र असलेली पत्रिका शक्यतो कापू नका, घरच्यांना ते रुचत नाही. बाकीच्यांवर मोठं चित्र चिकटवून आधी दोन तुकडे, मग तीन, मग चार असे जोडकाम करा. शिंप्याकडच्या चिंध्या सारख्या मापात कापून पत्रिकेवर चिकटवल्या की रंगांच्या जोड्या तयार. मखमल, जरी, खादी, रेशीम, गोणपाट अशा दोन-दोन पट्ट्या केल्या तर डोळे झाकून स्पर्शानं ओळखायचा खेळ होतो. अंकांसाठी मोठ्या आकड्यांचं जुनं भिंतीवरचं कॅलेंडर कापा. मराठी आकडे आयते मिळतात.

मोजण्याच्या बाबतीत मी ठाम आहे. नर्सरीत पाचपर्यंत पुरतं. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ‘चार चमचे आण’ म्हटलं की तो मूठभर आणतो, हे तुम्ही वर्गात पाहिलंच असेल. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधली सहा खणांची एक पट्टी कापा, खणांवर ० ते ५ लिहा आणि आइस्क्रीमच्या काड्या नेमक्या १५ द्या. खणात आकड्याइतक्या काड्या टाकायच्या. कुठे चुकलं तर शेवटी काडी उरते किंवा कमी पडते, आणि मूल आपणहून पुन्हा मोजायला लागतं. शून्याचा खण रिकामाच राहतो. तो बघून मुलं पहिल्यांदा गोंधळतात आणि मग खूश होतात.

अक्षरं सगळ्यांत शेवटी, आणि तीही बोटानं. हार्डवेअरच्या दुकानातला बारीक पॉलिश पेपर आणा, अक्षर त्याच्या मागच्या बाजूला उलटं काढा आणि कापा, म्हणजे खरखरीत बाजूला ते सुलटं येतं. पत्रिकेवर चिकटवा. मूल दोन बोटांनी, लिहितो त्याच दिशेनं, ते गिरवतं आणि तोंडानं उच्चार करतं. ग, म, न अशी सारख्या वळणाची अक्षरं आधी घ्या, अ आ इ ई या क्रमाचा हट्ट नको. मग धूळपाटी: ताटात गडद कागद, वर रव्याचा पातळ थर. बोट फिरलं की खालचा गडद रंग उमटतो आणि ताट हलवलं की पाटी कोरी. पावसाळ्यात रव्याला कीड लागते, तेव्हा धुऊन वाळवलेली बारीक रेती वापरा.

आता सुरक्षिततेचं, आणि हे नीट वाचा. गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी वर्गात आणू नका. त्या विषारी आहेत, फुटलेली किंवा चावलेली गुंज पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. एरंडाच्या बियांचंही तेच. हरभरे, वाटाणे, चवळी मुलं नाकाकानात घालतात आणि ओलाव्यानं त्या आतच फुगतात. पुठ्ठ्याला सव्वा इंच व्यासाचं भोक पाडून ठेवा. जी वस्तू त्यातून आरपार जाते ती मोकळी ठेवायची नाही. पाण्याच्या बाटलीची बुचंही बहुधा त्यातून जातात, म्हणून रुंद तोंडाच्या बरण्यांची झाकणं घ्या. चिंचोके मला फार आवडतात, पण ते चार-पाच मुलांच्या गटात, तुमच्या डोळ्यांसमोर, मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. औषधांच्या, किटकनाशकांच्या किंवा रंगांच्या बाटल्या-डबे धुऊनही नकोत. घड्याळातले, खेळण्यांतले बटणासारखे सेल वर्गाच्या आसपासही नकोत. काचेच्या बांगड्यांऐवजी प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या घ्या. चिकटवायला घरी खळ करत असाल तर त्यात मोरचूद घालू नका. बाइंडिंगवाले किडीसाठी घालतात, पण ते विष आहे आणि आपली मुलं बोटं चाटतात. खळ थोडीच करा आणि ताजी वापरा.

२८ मुलं म्हणून प्रत्येक वस्तू २८ करायच्या नाहीत, हे सांगितलं की सेविकांच्या चेहऱ्यावरचा निम्मा ताण उतरायचा. प्रत्येक साधन एक किंवा दोनच. साधनं मात्र दहा-बारा प्रकारची. सहा-सात मुलांचे गट करा, दोन गट साधनांवर, एक मदतनिसांबरोबर गाण्या-गोष्टींत, एक बाहेर मातीत. प्रत्येक साधन स्वतःच्या ताटात किंवा बुटांच्या खोक्याच्या झाकणात, मुलाच्या कमरेच्या उंचीवर. विटांवर फळी टाकली तरी मांडणी होते. फळीवर ताटाची बाह्यरेषा खडूनं आखा, म्हणजे कुठलं ताट कुठे जातं ते मुलाला दिसतं आणि ते स्वतः जागेवर ठेवतं. कोपरे गोल कापा आणि कडांना कापडी पट्टी लावा. पुठ्ठा नेहमी कडेपासूनच उसवतो.

वस्तू गोळा करताना पालकांच्या गटावर भली मोठी यादी टाकू नका. महिन्याला एकच वस्तू मागा, आणि तीही प्रत्येक घरात असेल अशी. आइस्क्रीमच्या काड्या प्रत्येक घरात नसतात, त्या दुकानातून घ्या. एखाद्या मुलाला रिकाम्या हातानं यावं लागू नये, याची काळजी आपणच घ्यायची.

पालक ‘वही कोरी का?’ असं विचारतीलच. त्यांच्यावर चिडू नका, त्यांना मुलाचं भलंच हवंय. एका शनिवारी बोलवा आणि त्या आवाजाच्या डब्या त्यांच्याच हातात द्या, जोड्या लावायला सांगा. संस्थाचालकांना सांगायचं झालं तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन वर्षांपासूनची मुलं पायाभूत टप्प्यात धरली आहेत आणि भर खेळातून शिकण्यावर आहे. एनसीईआरटीनं २०२३ मध्ये याच टप्प्यासाठी काढलेल्या ‘जादुई पिटारा’ या साहित्य-संचातही खेळणी, कोडी, बाहुल्या आहेत. तेवढं सांगून पैसे मागा, पण मोजक्या गोष्टींसाठी: चांगला फेविकॉल, पॉलिश पेपर, एक धारदार कात्री, पारदर्शक प्लॅस्टिकचा रोल, आइस्क्रीमच्या काड्यांचं एक पाकीट. बाकी सगळं गावात आहे. या रविवारी फक्त डबे-झाकणं आणि बटणपट्टी तयार करा, सोमवारी मांडा, आणि कुठलं मूल कुठे किती वेळ थांबतं ते आठवडाभर लिहून ठेवा. पुढचं साधन कोणतं करायचं ते त्या नोंदींवरून ठरवा. अडलं तर खाली विचारा, जोडाक्षरांच्या आणि इंग्रजी अक्षरांच्या पट्ट्यांबद्दलही सांगेन.