काकांचा फॉरवर्ड आणि अ‍ॅडमिनची झोप

प्रश्न : गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मी अ‍ॅडमिन आहे. काल चुलत सासऱ्यांनी पोरं पळवणारी टोळी आलीय म्हणून एक व्हिडिओ टाकला, बाईकवरून दोघं येतात आणि रस्त्यात खेळणारं पोरगं उचलून नेतात. काढा म्हटलं तर म्हणतात, "लोकांना सावध केलं तर बिघडलं काय?" वयाने मोठे, त्यांना बोलू कशी? आणि उद्या काही झालं तर पोलीस मलाच धरणार का?

उत्तर : आधी पोलिसांचं सांगते म्हणजे झोप तरी लागेल. २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, त्यात त्याची मिलीभगत असली तर गोष्ट वेगळी. पण तुम्हाला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो ना, मग काकांची परवानगी कशाला, आत्ताच उडवा.

आता व्हिडिओ. तुम्ही वर्णन केलंय तसाच एक २०१८ मध्येही देशभर फिरला होता, तो मूळचा कराचीचा, मुलांना जपा सांगणारी जाहिरात. शेवटी ते दोघं पोरगं परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, नेमकं तेवढंच कुणीतरी कापलं. मेसेजच्या वर फॉरवर्डच्या खुणेचे दोन बाण दिसले की समजा मेसेज बराच फिरून आलाय, पण व्हिडिओ सेव्ह करून नव्याने टाकला की बाण गायब, म्हणून बाण नाही म्हणजे खरं असं धरू नका.

आणि "बिघडलं काय" विचारणाऱ्या काकांना राईनपाडा सांगा. धुळ्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे, पोरं पळवणारे समजून लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. अफवा आधीपासून मोबाईलवर फिरतच होत्या, त्या पुढे ढकलणारेही सावधच करत होते की! त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली.

ग्रुपवर मात्र काकांना बोलू नका, चारचौघात कोण ऐकून घेणार. संध्याकाळी चहा द्या आणि त्यांच्याच फोनवरून पोलीस पाटलांना कॉल लावून द्या, स्पीकरवर. टोळी खरंच आलीय का ते काकांनीच विचारू दे.