हे बायकांचं काम नाही

प्रश्न : बायकोचा आठवा संपत आलाय, तारीख मेच्या तिसऱ्या आठवड्यातली. पहिलंच बाळंतपण. रीतीप्रमाणे काटोलला माहेरी जायचं ठरलं होतं, पण तपासण्या सगळ्या नागपुरात झाल्या, तिचा रक्तगट बी निगेटिव्ह, म्हणून तिला इथेच राहायचंय. सासूबाई यायला तयार आहेत. मी काही विचारलं की दोन्हीकडची मंडळी म्हणतात, "हे बायकांचं काम, तू पैशाचं बघ." आईनं बाळंतिणीसाठी कोळशाची शेगडीही काढून ठेवलीय. मी नेमकं काय करायचं? – एक होणारा बाबा, मानेवाडा

उत्तर : पुष्कळ करायचंय. नागपुरातल्या प्रसूतिकक्षांत मी 34 वर्षं परिचारिका होते. बाहेरच्या बाकावर बसलेले नवरे रोज बघायचे. फाईल छातीशी धरलेली, आणि आत काय चाललंय याचा पत्ता नाही. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसायचं.

सुनबाईंनी इथे राहायचं ठरवलं ते बरं केलं. सासूबाईंना तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच बोलवा. पोरं तारीख बघून येत नाहीत.

आधी रक्तगटाचं. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं, तर बाळंतिणीला 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. ते पुढच्या बाळासाठी असतं, म्हणून या वेळी सगळं सुखरूप झालं की गडबडीत विसरायला होतं. एक डोस सातव्या महिन्यात, साधारण 28व्या आठवड्यात देतात. तो झालाय का ते फाईलमध्ये बघा. दवाखान्यात हे इंजेक्शन आहे की बाहेरून आणायचं, रविवारी कुठे मिळेल, हे याच आठवड्यात विचारून या. बी निगेटिव्ह रक्त सहज मिळत नाही. त्या गटाचे दोघं ओळखीतले शोधून त्यांना तारीख सांगून ठेवा. हे काम तुमचंच.

कळांचा हिशेबही तुम्हीच ठेवा. पोट मधूनच दगडासारखं कडक होऊन आराम केल्यावर सैल पडतं, त्या खऱ्या कळा नव्हेत. खऱ्या कळा चालल्यानं थांबत नाहीत, वाढत जातात. दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, तासभर येत राहिल्या की निघा. डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं सांगितलं असेल तर तेच धरा. पण पाणी गेलं, अंगावरून लाल गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मोजत बसू नका, तसेच उठा. गाडीची सोय नसेल तर 108ला फोन करा. गरोदर बाईसाठी 102ही आहे.

आता मला सगळ्यात जवळचं वाटतं ते. कळ आली की पुष्कळ जणींची कंबर फाटते. माकडहाडाच्या वर, दोन्ही खळग्यांच्या मधे जे चपटं त्रिकोणी हाड असतं, त्यावर तळहाताची टाच ठेवा आणि कळ टिकेपर्यंत एकसारखं दाबून धरा. चोळू नका. जोर किती हवा ते तिलाच विचारा, ती म्हणेल "अजून". कळ ओसरली की हात सैल करा, पाण्याचा घोट द्या. आजपासून रोज रात्री पाच मिनिटं सराव करा. एका रात्री एका पोरीची आत्या पहाटेपर्यंत अशी कंबर धरून बसली होती. बाळ झाल्यावर त्या पोरीनं आधी आत्याचा हात हातात घेतला, मग बाळाकडे बघितलं.

सरकारी दवाखान्यांतही बाळंतपणात सोबत राहू द्यावं, अशा केंद्र सरकारच्या सूचना 2016 पासून आहेत. शक्यतो नात्यातली बाई. खोलीत आडोशाची सोय असेल तर नवराही चालतो. तुमच्या दवाखान्यात काय चालतं ते आधी विचारा.

पिशवीचं सासूबाई बघतील. फाईल, आधार आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट तेवढे तुम्ही दाराशी ठेवा.

शेगडीबद्दल आईंशी तुम्हीच बोला, सुनेला बोलायला लावू नका. मे महिन्यात नागपूर 45 अंशांवर तापतं. त्यात दारं-खिडक्या लावून बाजेखाली निखारे ठेवले, तर वास न येणारा विषारी वायू खोलीत साठतो; बाळ-बाळंतीण गुदमरू शकतात. आईंची माया खरी आहे, तिला दुसरी वाट द्या : तेलाचं मालीश, कोमट पाण्याची अंघोळ, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. बाळाला एक सुती झबलं पुरे. कूलर चालवा, खिडकी उघडी ठेवून. झोत बाळावर नको. आणि उन्हाळा आहे म्हणून बाळाला चमचाभरही पाणी पाजू देऊ नका. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, त्यातच पाणी असतं.

आज रात्री कंबर दाबताना तिला विचारा, आत सोबत कोण हवंय. तिनं आईचं नाव घेतलं, तर सासूबाईंनाही ते हाड दाखवून ठेवा.