ईएमसी तपासणीचं सॉफ्टवेअर: आधी एवढं करा

ईएमसी म्हणजे सर्किट बोर्डने इतर उपकरणांना विद्युतचुंबकीय त्रास न देणं आणि त्यांचा त्रास स्वतःला न होऊ देणं. पहिल्याच बोर्डसाठी थ्रीडी फील्ड सॉल्व्हरच्या (बोर्डभोवतीच्या विद्युतचुंबकीय क्षेत्राचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मागे लागू नका. मॉडेल नीट बांधता येईपर्यंत त्याची रंगीत चित्रं दिशाभूलच करतात. सुरुवातीला नियम तपासणारं टूल पुरे. कायकॅड या मोफत बोर्ड-डिझाइन सॉफ्टवेअरमध्येही स्वतःचे डीआरसी (डिझाइन रूल चेक) नियम लिहिता येतात.

तपासणीआधी खरा स्टॅकअप (बोर्डच्या थरांची रचना) भरा, आणि क्लॉक, पॉवर, कनेक्टरकडे जाणाऱ्या नेट (जोडण्या) कोणत्या ते सांगा. ही ओळख दिली नाही, तर टूल सगळ्यांना एकाच मापाने मोजतं आणि शेकडो वॉर्निंग्ज ओततं. मग नवखी मंडळी त्या वरून खाली एकेक मिटवत बसतात. त्याऐवजी हा क्रम धरा:

- ग्राउंड प्लेनमधली (ग्राउंडच्या पसरट तांब्याच्या थरातली) फट ओलांडणारे वेगवान ट्रेस (सिग्नलच्या तांब्याच्या रेघा). हे सर्वांत आधी. परतीच्या करंटला वळसा पडला की लूप मोठा होतो आणि तोच अँटेनासारखा वागू लागतो.
- लेअर बदलताना शेजारी ग्राउंड व्हाया (थर जोडणारं छिद्र) आहे का?
- डीकपलिंग कपॅसिटर (चिपचा वीजपुरवठा स्थिर ठेवणारा) पॉवर पिनपासून लांब तर नाही ना?

आणखी एक हमखास चूक: 'क्लॉक तर फक्त १० मेगाहर्ट्झ आहे' म्हणून निर्धास्त राहणं. बघायचा असतो राइज टाइम, म्हणजे सिग्नल खालून वर चढायला लागणारा वेळ. १ नॅनोसेकंदात चढणारा सिग्नल साधारण ३५० मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो (०.३५ भागिले राइज टाइम).

आणि हो, अशा टूलला तुमची केबल आणि बोर्डचा बाहेरचा डबा दिसत नाही. शून्य वॉर्निंग म्हणजे लॅबमध्ये पास नव्हे. प्लेन रेझोनन्स (प्लेनमध्ये ठराविक फ्रिक्वेन्सीला उठणारा अनुनाद) वगैरे पुढच्या बोर्डला बघू. आत्ता स्टॅकअप भरा आणि पहिला रिपोर्ट दाखवा.