‘अर्ज देऊन जा, चौकशी करतो’

प्रश्न : भाची पुण्यात नोकरीला आहे. तिथे तिच्यावर सहकाऱ्याने अत्याचार केला. घाबरून ती आमच्याकडे आली. इथल्या ठाण्यात गेलो, तर ‘घटना पुण्याची, तिकडं जावा’ म्हणाले. फार आग्रह धरल्यावर साधा अर्ज ठेवून घेतला. त्यावर काही होतं का?
– एक वाचक, कराड तालुका

उत्तर : फारसं नाही. तुम्ही त्या दिवशी ठाण्यात गेला होतात एवढंच त्यातून दिसतं, तेही अर्जाची पोच घेतली असेल तर. कपड्यांची जप्ती, जागेचा पंचनामा, सीसीटीव्ही फुटेज ताब्यात घेणं, हा सगळा तपास गुन्हा दाखल झाल्यावर सुरू होतो. तोवर फुटेज पुसलंही जातं. पुढे कोर्टात ‘एवढे दिवस गप्प का होतीस?’ हा प्रश्न मात्र पोरीलाच विचारतात. उशीर ठाण्याचा, जाब तिला!

हद्दीची सबब कायद्याला मान्य नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपास आणि खटल्याच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा (झिरो एफआयआर) नोंदवायचा आणि कागद पुण्याला धाडायचे. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा. फिर्यादीची प्रत मोफत मिळते.

सहीआधी जबाब शब्दन् शब्द वाचा. घोळ इथेच होतो. ती सांगते, ‘मी नको म्हणत होते, त्याने दाराला कडी घातली’. कागदावर उतरतं, ‘ओळखीचा फायदा घेऊन’. कडीचा उल्लेख राहिला, तर उलटतपासणीत ‘हे तुम्ही मागाहून जोडलंत’ असं ऐकावं लागतं. दुरुस्ती करून घेतल्याशिवाय सही करू नका, मग हवालदारसाहेब कितीही उसासे टाकोत.

तरीही नकार मिळाला, तर तीच हकिकत लेखी स्वरूपात स्पीड पोस्टाने साताऱ्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही दाद लागली नाही, तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बलात्कारासारख्या गुन्ह्याची फिर्याद न नोंदवणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) कलम १९९ खाली किमान ६ महिने, कमाल २ वर्षं सश्रम कारावास आहे. हे कलम अर्जात जरूर लिहा.

वैद्यकीय तपासणीसाठी गुन्हा नोंदवला जाण्याची वाट पाहू नका. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ म्हणून रुग्णालयाला उपचार अडवता येत नाहीत. सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार मोफत आणि ताबडतोब द्यायचे आहेत. त्या वेळचे कपडे न धुता, वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि नमुना वाया जातो. ‘दोन बोटांची चाचणी’ सुचवली, तर साफ नाही म्हणा. ती करणं हे गैरवर्तन असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं आहे.

प्रश्न : आमच्याकडच्या एका लैंगिक अत्याचाराच्या घटनेच्या बातमीत मुलीचं नाव नव्हतं, पण गाव, वडिलांचा धंदा, कॉलेज, ती अकरावीत असल्याचं, सगळं होतं. बातमीदार म्हणतो, ‘नाव कुठं छापलंय?’
– एक वाचक, तासगाव

उत्तर : त्याने पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ वाचलेलं दिसत नाही. नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला त्यात मनाई आहे. शिक्षा ६ महिने ते १ वर्ष, आणि मालक-प्रकाशकही जबाबदार. पीडिता सज्ञान असेल, तर न्याय संहितेचं कलम ७२ लागतं. आडवळणानेही ओळख उघड करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सांगितलं आहे.

आणखी एक चूक सर्रास दिसते. आरोपी ‘सख्खा चुलता’ असल्याचं लिहायचं आणि वर त्याचं पूर्ण नावही द्यायचं. मग मुलगी कोण, हे गावाला वेगळं सांगावं लागतं का?

बातमीचं कात्रण किंवा तारखेसह स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा आणि ठाण्यात लेखी तक्रार द्या. छापील वृत्तपत्र असेल, तर प्रेस कौन्सिलकडेही तक्रार करता येते. मात्र आधी संपादकाला लेखी कळवलेलं असावं. आणि ‘बघा काय छापलंय’ म्हणून ती बातमी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.