एका सेमिस्टरपुरती जर्मनी : वाचकांचे प्रश्न

देवाणघेवाण योजनेत एका सत्रासाठी जर्मनीला निघालेल्या नाशिकच्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची पत्रं आली आहेत. काही मुलं तिथे पोहोचलीही आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

व्हिसा झाला, तिकीट झालं. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं? – विद्यार्थी, कॉलेज रोड

आधी पत्रपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. हसू नका. तिथल्या पत्त्यात बहुधा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, कर क्रमांक हे सगळं पोस्टाने येतं. कार्डाचा पिनही वेगळ्या पाकिटातून येतो. आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तेच ठेवा. खोली दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्या नावाखाली आपलं लावा.

मग पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. हा दाखला वेगळा असतो आणि मुलं नेमकी तिथेच अडकतात, म्हणून किल्ली घेतानाच तो मागून घ्या. मोठ्या शहरांत नगर कार्यालयाची वेळ मिळायला आठवडे जातात. पत्ता पक्का झाला की नाशिकमधूनच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा. उशिराची मिळाली तरी घ्या आणि ती घेतल्याचा ईमेल जपून ठेवा.

नोंदणीनंतर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. ‘माझ्याकडे टीव्हीच नाही’ म्हणून ते फेकू नका. शुल्क घरटी आहे, महिन्याला १८.३६ युरो. सामायिक घरात एकाने भरलं की बाकीच्यांनी त्याचा ग्राहक क्रमांक कळवायचा. परत निघताना पत्त्याची नोंदणी रद्द करा आणि हे शुल्कही स्वतः वेगळं बंद करा.

मुलीबरोबर तूप, पेढे, कढीपत्ता आणि थोडी द्राक्षं द्यायची आहेत. चालेल ना? – एक आई, पंचवटी

यातलं काहीच देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पनीर, खवा, दुधाची पावडर सगळं त्यात आलं, आणि पेढे खव्याचेच. ताज्या फळांना नि पानांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना. नाशिकची द्राक्षं कंटेनरने युरोपात जातात ती हे प्रमाणपत्र घेऊनच. पिशवीतल्या दोन किलोंना ते कोण देणार? कस्टम्सने पकडलं की माल जातोच, वर दंडही होऊ शकतो.

चिवडा, शेंगदाण्याची, जवसाची किंवा लसणाची चटणी, गोडा मसाला, बेदाणे खुशाल द्या. हिंग मात्र दुहेरी पिशवीत, नाहीतर पूर्ण बॅगेला महिनाभर त्याचा वास. मसूर डाळ तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळते, तिचं ओझं नको. श्रीखंडाची चिंताही सोडा. तिथे क्वार्क नावाचा पदार्थ मिळतो, चक्क्याचा भाऊच. डब्यावर ४० टक्के फॅट लिहिलेला घ्यायचा, फडक्यात दोन-तीन तास टांगायचा आणि साखर मिसळायची.

पोळ्या चिवट होतात आणि नाशिकहून नेलेला कुकर शेगडीवर तापतच नाही. – विद्यार्थिनी, सध्या जर्मनीत

कुकर अॅल्युमिनियमचा असणार आणि शेगडी इंडक्शनची. बुडाला चुंबक चिकटलं तरच भांडं इंडक्शनवर चालतं. काचेच्या साध्या विजेच्या शेगडीवर अॅल्युमिनियम चालतं, पण खोलीत कोणती शेगडी असेल ते आधी कळत नाही. जे अजून निघायचे आहेत त्यांनी सपाट बुडाचा, इंडक्शन चालणारा तीन लिटरचा स्टीलचा कुकर घ्यावा.

पिठाच्या पाकिटावरचा आकडा बघा. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा, चिवटपणा तिथून येतो. फोलकोर्न म्हणजे अख्ख्या गव्हाचं पीठ, पण त्यात कोंडा जाड असल्याने पोळी फाटते. फोलकोर्न आणि ५५० निम्मं-निम्मं घ्या, कोमट पाण्यात सैलसर भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. १०५० नंबरचं एकटंही चालतं.

घरमालकीण रागावली आहे. खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी आली, आणि ‘तुझ्या स्वयंपाकामुळे’ म्हणते. – विद्यार्थी, मूळचा सिडकोचा

बाईंचं निम्मं बरोबर आहे. भात शिजवणं, आंघोळ, खोलीत वाळत घातलेले कपडे या सगळ्यांची वाफ हवेत राहते. आपल्याकडे खिडक्या दिवसभर उघड्या असतात म्हणून ती निघून जाते. तिथल्या खिडक्या इतक्या घट्ट बसतात की वाफेला वाट नाही. मग ती सगळ्यात गार जागा शोधते, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा कोपरा किंवा कपाटामागची भिंत, आणि तिथे पाणी सुटून बुरशी धरते.

उपाय : दिवसातून तीन वेळा खिडकी पूर्ण उघडा. हिवाळ्यात पाच मिनिटं, एरवी दहा. त्या वेळेपुरता हीटर बंद. खिडकी दिवसभर तिरकी किलकिली ठेवणं ही सगळ्यात वाईट सवय. हवा पुरेशी बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत गार पडून बुरशीला आणखी जागा होते. कपाट भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर सरकवा. ओलावा मोजणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, आकडा ४० ते ६० टक्क्यांत हवा.

हीटरचा नॉब पंख्याच्या रेग्युलेटरसारखा नाही. पाचवर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही. आकडा वेगाचा नसून तापमानाचा आहे : तीन म्हणजे साधारण २० अंश, पुढचा प्रत्येक आकडा साधारण चार अंशांनी जास्त. पाचवर विसरलात तर वर्षअखेरीच्या हिशेबात कळेल. बाहेर जाताना पूर्ण बंदही करू नका, भिंती गार पडतात.

फोडणीचं वेगळं. छतावर धुराचा अलार्म असतो. तेल मध्यम आचेवर तापवा, मोहरी टाकली की झाकण, आणि खिडकी आधीच उघडी. धूर झालाच तर खोलीचं दार व्हरांड्यात उघडू नका. वसतिगृहात व्हरांड्यातला अलार्म अग्निशमन दलाशी जोडलेला असू शकतो, आणि बंब आला की बिल मागे लागू शकतं.

परतीचं तिकीट जानेवारीअखेरचं काढलं, स्वस्त मिळालं. – विद्यार्थी, नाशिकरोड

बदलून घ्या. हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च असतं, तास फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि परीक्षा त्यानंतर. परीक्षेची नावनोंदणी ऑनलाइन, ठरावीक मुदतीत स्वतः करायची. सगळे तास केले आणि ही मुदत हुकली तर परीक्षेला बसता येत नाही. गुण उलटे असतात : १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. तिथे विषय बदलला तर इथल्या विभागप्रमुखांची मंजुरी लगेच ईमेलवर लेखी घ्या. नंतर क्रेडिटसाठी तोंडी ‘हो’ कुणी धरत नाही.

मुलाला फोन किती वाजता करावा? – वडील, गंगापूर रोड

जर्मनी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. रविवारी दुपारी करा, त्या दिवशी दुकानं बंद असतात आणि पोरं घरीच असतात. सकाळी नाशिकचे आठ वाजले म्हणून केलात तर तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते.