वाचकांचे प्रश्न : माशांसाठी पाटीच्या दगडाची गुहा

प्रश्न : फरशीच्या दुकानात ‘स्लेट’ मागितली की काळा कडप्पा दाखवतात, नाहीतर शहाबादी. दिसायला फारसा फरक कळत नाही. ब्रिसलनोज प्लेको या टँकच्या तळाशी राहणाऱ्या माशाला अंडी घालायला गुहा करायची आहे. यातला कोणता दगड घ्यावा?
— एक वाचक, लातूर

उत्तर : दोन्ही नकोत. शहाबादी काय आणि कडप्पा काय, दोन्ही चुनखडीचे दगड. स्लेट म्हणजे पाटीचा दगड, गाळाचे थर जमिनीखाली दाबून-तापून तयार झालेला. मराठवाड्याच्या पायाखाली बहुतेक बसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा दगड, असल्याने स्लेट आपल्याकडे बाहेरूनच येते. भिंतीला लावायच्या नैसर्गिक दगडी टाइल्स ठेवणाऱ्या दुकानात विचारा. जुनी शाळेची दगडी पाटी ही अस्सल स्लेट. आंध्रातलं मार्कापूर त्या पाट्यांसाठीच ओळखलं जातं. माळ्यावर एखादी सापडली तर चौकट काढून गुहेच्या छताला खुशाल वापरा. पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या पाट्यांना मात्र रंग असतो, त्या टँकमध्ये घालू नका.

ओळख पटवायला दगडाचा कोपरा खिळ्याने खरवडून थोडी भुकटी काढा आणि तिच्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बारीक बुडबुडे आले की तो चुन्याचा दगड. आख्ख्या गुळगुळीत फरशीवर थेंब टाकला तर फेस इतका कमी येतो की फसायला होतं, म्हणून भुकटीच करायची. स्लेट असली तरी दोन गोष्टी बघून घ्या : पितळेसारखे चमकणारे ठिपके किंवा गंजाचे ओघळ असलेला तुकडा बाजूला ठेवा, आणि वरून चकाकीचं सीलर मारलेली टाइल घेऊ नका.

आपल्या बोअरचं पाणी मुळातच जड, म्हणजे क्षारांचं, असतं, त्यामुळे त्यात शहाबादी ठेवली म्हणून ब्रिसलनोज मरत नाही. पण आरओचं पाणी मिसळून तुम्ही जडपणा कमी करत असाल तर हा दगड तो परत वाढवतो. त्याहून मोठी अडचण चिकटवण्याची आहे, ती पुढच्या एका उत्तरात आली आहे.

प्रश्न : नर साधारण ११ सेंटिमीटरचा आहे, दोन माद्या आहेत, टँक दोन फुटी. गुहेचं नेमकं माप आणि कृती सांगाल का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : गुहा करताना बहुतेकांची चूक एकच होते, ती म्हणजे मोकळीढाकळी करणं. नर आत शिरला की त्याचे बाजूचे पर दोन्ही भिंतींना जेमतेम टेकले पाहिजेत. तेव्हाच तो मादीला आत अडवून धरू शकतो, आणि अंड्यांवर शेपटीने वारा घालताना पाणी सगळीकडे फिरतं. रुंद गुहेत मादी निसटते, दुसरा मासा घुसतो, अंडीही विखुरतात.

११ सेंटिमीटरच्या नराला आतून १५ सेंमी लांब, ५ सेंमी रुंद आणि ४ सेंमी उंच गुहा पुरते. ८ मिलिमीटर जाडीची स्लेट धरली तर तुकडे असे : तळ आणि छत प्रत्येकी १५ × ६.६ सेंमी, दोन बाजू १५ × ४ सेंमी, मागची भिंत ६.६ × ५.६ सेंमी. एक फुटी टाइल मधोमध कापून दोन अर्धे करा; एका अर्ध्यात एक गुहा बसते, कटरच्या पात्याने खाल्लेली जागा धरूनही. तुमच्या टाइलची जाडी वेगळी असेल तर बाजूंचं माप तेच ठेवा. तळ-छताची रुंदी म्हणजे ५ सेंमी अधिक जाडीची दुप्पट. मागची भिंतही तेवढीच रुंद, आणि तिची उंची ४ सेंमी अधिक जाडीची दुप्पट.

कापायला चार इंची ग्राइंडर आणि दगडाचं डायमंड पातं लागतं. सवय नसेल तर फरशी बसवणाऱ्या कारागिराकडून कापून घ्या, काम थोड्या वेळाचं आहे. स्लेटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसते, म्हणून दगड ओला करून, उघड्यावर, एन-९५ मास्क लावूनच कापायचं. पाणी मशीनवर उडू देऊ नका. कापल्यावर सगळ्या कडा पॉलिश पेपरने घासा. ब्रिसलनोज पोट टेकवून सरकतो, आणि स्लेटची ताजी कड ब्लेडसारखी असते. बोट फिरवा, बोटाला टोचली तर माशालाही टोचणार.

मग तारेच्या ब्रशने सुटे पापुद्रे काढा, धुवा आणि दोन दिवस सावलीत पूर्ण वाळू द्या. जोडाच्या जागा स्पिरिटने पुसा. तळावर दोन्ही बाजू उभ्या करा, काच चिकटवायच्या सिलिकॉनची ३–४ मिलिमीटरची रेघ ओढा, मागची भिंत लावा, शेवटी छत. सुतळीने किंवा मास्किंग टेपने आवळून ठेवा. आत निघालेलं सिलिकॉन ओल्या बोटाने लगेच सपाट करा, नंतर हात पोचत नाही. तोंडाशी तळावर ५ × १ सेंमीची पट्टी उंबऱ्यासारखी चिकटवा. वारा घालताना अंडी बाहेर घरंगळत नाहीत.

गुहेचं वजन पाऊण किलोच्या वर जातं. ती वाळूवर ठेवू नका, मासे खालून उकरतात आणि गुहा कलंडते. आधी टँकच्या तळकाचेवर ठेवा, मग भोवती वाळू घाला. पाण्यात सोडताना तोंड वर करून बुडवा, नाहीतर छताखाली हवा अडकते. एका नरालाही दोन गुहा द्या, तो निवडतो. तोंड अंधाऱ्या बाजूला असावं, फिल्टरच्या थेट झोतात नसावं.

प्रश्न : कडप्प्याची गुहा केली. दहा दिवसांत जोड सुटले, आणि त्याआधी मासे वर येऊन तोंड मारत होते. सिलिकॉन चांगलंच होतं.
— एक वाचक, जालना

उत्तर : सुटलेल्या सिलिकॉनच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी लागली आहे का पाहा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं. ते चुनखडीला खातं, आणि चिकटलेला थर दगडापासून सुटतो. काचेवर आणि स्लेटवर हेच सिलिकॉन वर्षानुवर्षं टिकतं. दोष दगडाच्या निवडीचा आहे.

मासे वर आले ते बहुधा कच्च्या सिलिकॉनमुळे. ते हवेतल्या ओलाव्याने पिकतं. पावसाळ्यात तीन दिवस पुरतात; एप्रिल-मे महिन्यांत आपली हवा इतकी कोरडी असते की वरची साय धरली तरी आत ते ओलंच राहतं. त्या दिवसांत आठवडाभर सावलीत ठेवा. उन्हात ठेवून लवकर होत नाही. वास पूर्ण गेला की एक दिवस बादलीत भिजवा, पाणी बदला, मग टँकमध्ये. नळीवर ‘बाथरूम’, ‘सॅनिटरी’ किंवा ‘अँटी-फंगल’ लिहिलेलं सिलिकॉन अजिबात नको, त्यातलं बुरशीनाशक माशांना मारतं.

आत्ता गुहा बाहेर काढा, तिसरा हिस्सा पाणी बदला, एअरपंपाची हवा वाढवा. नवी गुहा स्लेटची करा. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, त्यामुळे डागडुजी करत बसू नका.

प्रश्न : नराने गुहा धरली, नारिंगी अंड्यांचा घोस दिसला, तिसऱ्या दिवशी घोस बाहेर पडलेला. काही अंडी पांढरी झाली आहेत.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : पहिल्यांदा बाप होणारा नर असं करतो, आणि रोज टॉर्च मारून आत बघितलं तरी होतं. उन्हाळ्यात आणखी एक कारण असतं. पाणी ३१–३२ अंशांवर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि वीज जाऊन एअरपंप बंद पडला की नर अंडी सोडून देतो. बॅटरीवरचा पंप हवाच. पाण्यावर टेबलफॅन सोडला तर आपल्या कोरड्या हवेत तापमान दोन-तीन अंश सहज उतरतं. उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्याने करा, कारण क्षार मागेच राहतात.

पडलेला घोस परत गुहेत सरकवू नका. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवून डबा टँकमध्येच अडकवा आणि एअरस्टोनचे (एअरपंपाच्या नळीच्या टोकाला लावायच्या सच्छिद्र दगडाचे) बुडबुडे शेजारून जाऊ द्या, थेट अंड्यांवर नकोत. पांढरी अंडी ड्रॉपरने रोज वेचा, बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. २६ अंशांना चार ते सहा दिवसांत पिल्लं निघतात. पोटाला चिकटलेलं पिवळं बलक संपेपर्यंत आणखी चार-सहा दिवस खायला घालू नका. मग उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची किंवा दोडक्याची चकती, रात्री टाकून सकाळी काढायची.

प्रश्न : आमचा ‘सकर’ फूटभर झालाय. त्याला केवढी गुहा करावी?
— एक वाचक, बीड

उत्तर : दुकानात सकर म्हणून मिळतो तो साधा प्लेको असतो, आणि तो फूट-दीड फूट होतो. त्याला गुहेच्या आधी मोठा टँक लागतो, किमान पाच-सहा फुटी. घरच्या टँकमध्ये तो अंडी घालत नाही. तळ्यात असले मासे काठाच्या मातीत बिळं खणतात. मोठा टँक येईपर्यंत आडोशाला सहा इंची पीव्हीसी पाइपचा दीड फूट तुकडा, कडा घासून, दोन्ही बाजूंनी उघडा ठेवा. मोठा टँक जमत नसेल तर दुकानदाराला परत द्या किंवा मोठा टँक असलेल्याला द्या. बिंदुसरेत किंवा गोदावरीत सोडू नका. हा मासा दक्षिण अमेरिकेतला आहे, इथल्या पाण्यात टिकतो आणि इथल्या माशांचं खाणं-जागा बळकावतो.